सेल्फ, धक्का आणि बाराशे चाळीस

बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला होता. आष्टीपर्यंत गाडी धावायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी पोहोचायला आणखी तीन वर्षे गेली. परळीला निजामाच्या काळातच रूळ आले होते, पण ते गाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. बाकीचा जिल्हा रबरी चाकांवर जगला. गेवराई-माजलगावचा कापूस, बालाघाटावरची सीताफळे, आष्टीचे दूध, नेकनूरच्या बाजारातली जनावरे, दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघणारी ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे, हे सगळे कुणाच्या तरी ट्रकमध्ये, टेम्पोत नाही तर पिकअपमध्ये चढूनच गेले.

अशा मुलखात पहाटे गाडी चालू होते की नाही, यावर दिवसाची कमाई ठरते. दूध संकलन केंद्रावर वेळेत पोहोचले नाही तर कॅन परत, आणि बाजारात उशीर झाला तर भाव गेला. त्यामुळे बॅटरी बदलायची वेळ आली की कोणती घ्यायची यावर इथे मालक, ड्रायव्हर, मिस्त्री आणि शेजारचा गाडीवाला असे चौघे तरी बोलतात. गेल्या सत्तर वर्षांत त्या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले. त्याहून जास्त बदलली ती उत्तर देणारी माणसे. एकेकाळी बॅटरी उघडून तिच्या पोटात पाहता येत असे, आणि ज्याला पाहता येई त्याचा शब्द चाले. आज ती बंद डबा आहे आणि शब्द चालतो तो वॉरंटी कार्डाचा.

शिशाची बॅटरी मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८८१ साली कामिल फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लेप लावलेल्या प्लेटा तयार केल्या आणि तिचे व्यापारी उत्पादन शक्य झाले. गाडीशी तिचे लग्न लागले ते बरेच उशिरा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसला. आपल्याकडे मिस्त्री ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच. त्याआधी गाडी चालू व्हायची ती समोर लोखंडी हँडल घालून, मनगटाच्या जोरावर.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. लहान डिझेल गाड्यांत हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, आणि एवढ्या दाबाविरुद्ध थंड इंजिन फिरवायचे म्हणजे सेल्फला काही सेकंद शेकडो अँपिअर ओढावे लागतात. जुन्या इंजिनांत भर म्हणून हीटर प्लग, तेही बॅटरीवरच. सारख्या ताकदीच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल पिकअपला मोठी बॅटरी लागते ती यामुळे. बॅटरी थोडी उतरली की आधी दिवे मंद होत नाहीत, आधी सेल्फ नुसता कण्हतो.

बीड ज्यात होते त्या हैदराबाद संस्थानात सार्वजनिक मोटार वाहतुकीची घडी बसली ती निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागामुळे. १९३२ साली २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी तो सुरू झाला. संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या काळातल्या खासगी गाड्या बहुतेक पेट्रोलच्या होत्या आणि बॅटरी दगा देई तेव्हा क्लीनर उतरून हँडल मारी. बॅटरी असली तर सोय, नसली तर हात.

ही सोय गरजेत बदलली ती डिझेल ट्रकांमुळे. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पाच-सहा टनी ट्रकचे डिझेल इंजिन हँडलने फिरवणे माणसाच्या आवाक्यातले काम नव्हते. त्यामुळे तालुक्याच्या गावी ट्रक आला की त्याच्यामागोमाग तीन धंदे आले, पंक्चरवाला, डिझेल पंपाचा मिस्त्री आणि बॅटरी चार्जिंगवाला.

बॅटऱ्या देशात बनू लागल्या होत्या. एक्साइड या नावाचा माल विकणाऱ्या इंग्रजी कंपनीने १९१६ साली भारतात आयातीचा व्यापार सुरू केला आणि १९४६ साली बंगालमध्ये श्यामनगरला कारखाना काढला. बीडच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो तिचा दुसरा कारखाना, १९६९ साली पुण्याजवळ चिंचवडला निघालेला. शेजारीच पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज टेम्पो. पुढे नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, औद्योगिक वसाहतीतही या कंपनीचा कारखाना आला. पुणे-नगर रस्त्याने गाडी, तिचे सुटे भाग आणि तिची बॅटरी एकाच दिशेने मराठवाड्यात उतरू लागले.

त्या काळातली बॅटरी आजच्यासारखी दिसत नव्हती. काळ्या, कडक रबराची जड पेटी, तिच्यात १२ व्होल्टसाठी सहा कप्पे, वरून डांबर ओतून बंद केलेली झाकणे आणि एका सेलातून दुसऱ्या सेलात जाणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या उघड्यावर. प्रत्येक सेलाला स्वतःचे बूच. या उघडेपणामुळे तिची दुरुस्ती होऊ शकत होती आणि त्या दुरुस्तीवर एक अख्खा धंदा उभा राहिला.

चार्जिंगच्या दुकानात शिरले की आधी नाकाला ॲसिड जाणवे. फळीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या तारेने एकीला एक जोडलेल्या, बुचे उघडी, आत बारीक बुडबुडे. दुकानदाराच्या शर्टाला आणि पँटला ॲसिडने पडलेली भोके हीच त्याच्या अनुभवाची पाटी. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे हायड्रोमीटर, रबरी फुग्याची काचेची नळी आणि तिच्यात तरंगणारा काटा. सेलातले ॲसिड ओढायचे आणि घनता वाचायची. थंड देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीची घनता १.२८० च्या आसपास ठेवतात. भारतात जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या १.२४० च्या आसपास भरल्या जात, कारण उन्हाळी हवेत तीव्र ॲसिड प्लेटा लवकर खाते. मिस्त्रींच्या बोलण्यात दशांशचिन्ह गळून पडले आणि ‘बाराशे चाळीस’ उरले. पाच सेल बाराशे चाळीस आणि एक अकराशेवर म्हणजे एक सेल मेला.

मेलेल्या सेलासाठी अख्खी बॅटरी टाकून देणे त्या काळी कुणाला परवडत नसे. दुकानदार ब्लो लॅम्पने डांबर मऊ करी, शिशाची पट्टी करवतीने कापी आणि प्लेटांचा गठ्ठा वर ओढून काढी. तपकिरी प्लेटा धनाच्या, करड्या ऋणाच्या, मध्ये लाकडाचे किंवा प्लास्टिकचे पातळ पडदे. तपकिरी प्लेटांचा लेप गळून तळाशी गाळ साचला असेल तर तिथेच शॉर्ट झालेला असे. गाळ धुऊन, नव्या प्लेटा बसवून पट्टी पुन्हा जोडायची. त्यासाठी लागणारी उष्णता दुसऱ्या बॅटरीतूनच घेतली जाई. कार्बनची कांडी तारेने जोडून शिशाला टेकवली की टोक लाल होते आणि शिसे वितळते. मग पुन्हा डांबर, नवे ॲसिड आणि रात्रभर चार्जिंग.

यातूनच ‘लोकल’ बॅटरी जन्मली, म्हणजे बाजारातून पेटी, प्लेटा आणि पडदे आणून दुकानात जुळवलेली. ‘कंपनीची’ आणि ‘लोकल’ हा भेद आजही मराठवाड्यातल्या कुठल्याही बॅटरीच्या दुकानात ऐकू येतो. लोकल स्वस्त आणि वॉरंटी तोंडी, पण एक हक्क गिऱ्हाइकाला मिळे. एका सेलात किती प्लेटा घातल्या ते डोळ्यांनी मोजून घेता येई. पेटीच्या आकाराएवढेच लक्ष प्लेटांच्या संख्येवर. अकरा प्लेटांची, तेरा प्लेटांची, पंधरा प्लेटांची अशी बॅटरी मागितली जाई. प्लेटा जास्त म्हणजे क्षेत्रफळ जास्त आणि सेल्फला झटका जास्त. ट्रकवाल्याला हे गणित कागदावर मांडता येत नसे, पण अनुभवाने पाठ असे.

याच दुकानांत गावोगावचे लाउडस्पीकरवालेही येत. वीज न पोहोचलेल्या वाड्या-वस्त्यांवर लग्न आणि सप्ता म्हटला की भोंग्याला बॅटरी लागे. ती सायकलवर किंवा बैलगाडीत घालून तालुक्याला आणायची, भरून न्यायची. मात्र तिचा स्वभाव गाडीच्या बॅटरीहून वेगळा. भोंगा रात्रभर थोडी-थोडी वीज ओढतो, सेल्फ क्षणभरात भरमसाट ओढतो. पहिलीला जाड प्लेट लागते, दुसरीला पातळ पण जास्त. चार्जिंगवाल्याला हा फरक ठाऊक होता. पुढे कारखान्यांनी ‘ट्रॅक्टर’, ‘इन्व्हर्टर’, ‘व्यावसायिक वाहन’ असे वेगळे माल काढले त्याच्या मुळाशी हाच फरक आहे.

बीडच्या बॅटरीचे आयुष्य ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र ऊस. १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघू लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक कोयता धरायचा आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडात राहायचे. टोळ्यांची ने-आण आणि तोडलेल्या उसाची वाहतूक ट्रकांनी, पुढे ट्रॅक्टरांनी केली. गाडीमालक बीडचा, गाडी कारखान्याच्या करारावर. त्यामुळे नवी बॅटरी घेण्याचा मुहूर्त बहुधा दसऱ्याच्या आसपासचा. गाडी पुजायची त्याच सुमारास हंगामासाठी तिची डागडुजीही करायची.

हंगामात या बॅटरीवर जे गुदरते ते कुठल्याही माहितीपुस्तकात नसते. कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग लागते. वजनकाट्यावर आणि मग गव्हाणीपाशी नंबर लागेपर्यंत अनेकदा रात्र जाते. थंडीत ड्रायव्हर केबिनमध्ये बसून गाणी लावतो, दिवा ठेवतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, आणि दर काही मिनिटांनी गाडी दोन हात पुढे घ्यायला सेल्फ मारतो. दिवे आणि टेप मिळून ८ अँपिअर धरले तरी आठ तासांत ६४ अँपिअर-तास संपतात, म्हणजे ८० अँपिअर-तासांची बॅटरी पहाटे जवळपास रिकामी. मग उरतो धक्का. दुसरी गाडी पुढे लावून किंवा चार जणांनी मागून ढकलून, गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा फिरले की विजेची फारशी गरज उरत नसे. म्हणून बॅटरी बसली तरी ट्रक घरी येई. बालाघाटच्या घाटमाथ्यावरचे ड्रायव्हर मुक्कामाला उतार शोधत. गेवराई-माजलगावच्या सपाट गोदाकाठी ती सोय नव्हती, तिथे माणसे बोलवावी लागत.

आणि मग एप्रिल येतो. हंगाम संपतो, गाडी दारात लागते. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच महिना-दोन महिने उभी राहते, नेमकी वर्षातल्या सगळ्यांत कडक उन्हात. बीडला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बोनेटखाली त्याहून जास्त. उतरलेल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे जे पापुद्रे असतात त्यांचे वेळ गेला की कठीण खडे बनतात, आणि मग कितीही चार्जिंग केले तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. मिस्त्री याला ‘प्लेटा पांढऱ्या पडल्या’ म्हणतात. उष्णतेचा हिशेबही निष्ठुर आहे. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. युरोप-अमेरिकेत बॅटरी निवडताना पहिला प्रश्न थंडीचा असतो. उणे १८ अंशांवर किती अँपिअर देईल, हा आकडा तिथल्या लेबलावर ठळक छापतात. बीडच्या गाडीवाल्याला त्या आकड्याचा उपयोग तुलनेपुरताच. त्याची बॅटरी थंडीत अडून बसली तरी तिचा जीव गेलेला असतो तो आधीच्या उन्हाळ्यात.

पाण्याचा प्रश्नही इथलाच. उन्हाने सेलातले पाणी उडते आणि प्लेटा उघड्या पडतात. वरून घालायचे ते शुद्ध केलेले, डिस्टिल्ड पाणी. पण दूर फाट्यावर अडलेल्या ड्रायव्हरने बाटलीतले विहिरीचे पाणी ओतल्याची उदाहरणे प्रत्येक चार्जिंगवाल्याला तोंडपाठ. त्यातले क्षार आणि लोह प्लेटांवर बसतात आणि बॅटरी उभ्या-उभ्या उतरू लागते. जाणती माणसे पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यात धरून काचेच्या बाटलीत ठेवत.

गाड्याही बदलत होत्या. बजाज टेम्पोची मॅटाडोर १९६९ पासून रस्त्यावर होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान असे जपानी हातमिळवणीचे हलके ट्रक आले आणि १९८६ साली टाटांनी ४०७ काढून त्यांना तोंड दिले. नव्वदच्या दशकात महिंद्राच्या डिझेल जीपगाड्यांनी काळी-पिवळीचा धंदा उचलून धरला. प्रत्येक फाट्यावर थांबणाऱ्या, गर्दी होईतो उभ्या राहणाऱ्या आणि दिवसातून पन्नास वेळा सेल्फ मारणाऱ्या या गाड्या बॅटऱ्यांसाठी कर्दनकाळ होत्या. मे २००५ मध्ये टाटा एस आली आणि गावोगाव ‘छोटा हत्ती’ झाली. तिच्यापेक्षा जास्त माल ओढायचा असेल त्याने बोलेरो पिकअप घेतली. दुधाचे कॅन, पाण्याची टाकी, शेळ्या, कांदा, वऱ्हाड, सगळ्याला एकच वाहन. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते बालाघाटातून बाजारापर्यंत जायचे ते क्रेटमध्ये भरून, पिकअपच्या हौद्यातूनच.

याच काळात बॅटरीचे रूप पालटले. कडक रबराच्या जागी पॉलिप्रॉपिलीनची हलकी, उष्णतेने सांधलेली पेटी आली. सेल जोडणाऱ्या पट्ट्या भिंतीतून आत गेल्या. डांबर गेले, आणि त्याबरोबर एक सेल काढून बदलण्याची शक्यताही गेली. २००० साली आंध्रच्या अमरराजा कंपनीने हिरव्या पेटीतली अमेरॉन बाजारात आणली आणि पाणी न घालता चालणाऱ्या, लांब वॉरंटीच्या बॅटरीची जाहिरात घराघरांत पोहोचवली. एक्साइडने त्याआधीच, १९९८ साली, स्टँडर्ड बॅटरीज हा जुना प्रतिस्पर्धी आपल्याकडे घेतला होता. बाजार लाल आणि हिरव्या अशा दोन रंगांत वाटला गेल्यासारखा झाला. लोकल मागे सरली, तरी संपली नाही.

बंद पेटीच्या आत खरा बदल होता तो धातूचा. जुन्या प्लेटांच्या जाळीत शिशाला कडकपणा यावा म्हणून अँटिमनी मिसळत. ती बॅटरी पाणी जास्त पिते आणि नुसती ठेवली तरी लवकर उतरते, पण वरचेवर पूर्ण रिकामी झाली तरी पुन्हा उठते. नव्या बॅटऱ्यांत कॅल्शियम आले. पाणी जवळपास लागत नाही, ठेवली तरी चार्ज टिकतो, पण खोलवर उतरवणे तिला मानवत नाही. रोज चालणारी, वेळच्या वेळी अल्टरनेटरकडून भरली जाणारी दुधाची पिकअप असेल तर कॅल्शियमवाली उत्तम. यार्डात रात्र-रात्र गाणी वाजवणारा ट्रॅक्टर असेल तर तीच बॅटरी एका हंगामात मान टाकू शकते. ‘महाग घेतली तरी टिकली नाही’ या तक्रारीत अनेकदा माल वाईट नसतो, जोडी चुकलेली असते.

प्लेटा मोजण्याची सोय गेली तेव्हा गिऱ्हाइकाला लेबल वाचायला शिकावे लागले. अँपिअर-तास हा आकडा २० तासांच्या हिशेबाने असतो. ८० अँपिअर-तास म्हणजे ४ अँपिअर २० तास. पिकअपला साधारण ६५ ते ८० च्या घरातली बॅटरी लागते. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन जोडून २४ व्होल्ट करतात. जपानी पद्धतीच्या सांकेतिक नावात, उदाहरणार्थ ‘डी ३१ आर’, पेटीची लांबी ३१ सेंटिमीटरच्या आसपास आणि टर्मिनल कुठल्या बाजूला तेही लिहिलेले असते. बाजू चुकली तर केबल पोहोचत नाही, आणि ओढूनताणून जोडलेली केबल खड्ड्यात हादरून बॉडीला टेकते. पेटीवर ठोकलेला उत्पादनाचा महिना पाहणे हा आणखी एक धडा, कारण दुकानाच्या मागच्या खोलीत उन्हाळाभर पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. आणि ‘२४+२४’ मधली पहिली संख्या फुकट बदलून मिळण्याच्या महिन्यांची, दुसरी हिस्सेवारीने सूट मिळण्याच्या महिन्यांची, हे बिल फाडण्याआधी विचारायचे. व्यावसायिक वाहनाला ही मुदत खासगी मोटारीपेक्षा बहुतेकदा कमी असते.

जुनी बॅटरी मात्र आजही वजनावरच जाते. तिच्यातला अर्ध्याहून जास्त भार शिशाचा आणि जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी साधारण ८५ टक्के बॅटऱ्यांत जाते, त्यामुळे भंगाराचा भाव थेट लंडनच्या धातूबाजाराशी बांधलेला. गिऱ्हाईक नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीची किंमत वजा करून घेते, आणि या घासाघिशीला कायद्याचाही आधार आहे. २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकाला थेट उत्तरदायी केले. तरीही काही बॅटऱ्या वाटेत फुटतात. ॲसिड गटारात, शिसे उघड्या भट्टीत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोकादायक पातळीचे शिसे आहे, आणि नियमांबाहेरची बॅटरी भट्टी हे त्याचे एक मोठे कारण. चार-पाचशे रुपये जास्त देणाऱ्या भंगारवाल्याचा तो जास्तीचा पैसा अनेकदा या न केलेल्या खबरदारीतूनच निघतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि पिकअपच्या बॅटरीचे काम पुन्हा एकदा बदलले. कॉमन रेल इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचे ते संगणक ठरवतो आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की तो जागाच होत नाही. पूर्ण बसलेल्या बॅटरीवर अशा गाडीला कितीही धक्का मारा, इंजिन फिरते पण पेट घेत नाही. उतारावर गाडी लावण्याची बालाघाटातली जुनी युक्ती इथे निरुपयोगी ठरते. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडतानाही धन-ऋण उलटे झाले तर पूर्वी फ्यूज जाई, आता महागडे कंट्रोल युनिट जाऊ शकते. त्यात मालकाने बसवलेले जीपीएस यंत्र, हौद्यावरच्या एलईडी पट्ट्या, मोठा हॉर्न. गाडी बंद असतानाही अँपिअरचा काही अंश सतत झिरपत राहतो.

त्यामुळे आज बीडच्या एकाच काउंटरवर दोन पिढ्यांचे गिऱ्हाईक शेजारी-शेजारी उभे असते. ऊसवाहतुकीच्या जुन्या ट्रॅक्टरचा मालक अजून बॅटरी उचलून वजन पाहतो, पाणी घालायची बुचे आहेत का विचारतो, आणि त्याच्या कामाला अँटिमनीची जाड प्लेट खरोखरच जास्त मानवते. बीएस-६ पिकअपचा मालक कंपनीने दिलेला आकडा मोबाइलवर दाखवून तेवढीच मागतो, आणि त्याचेही बरोबर असते. सप्टेंबर २०२५ मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने दोघांचेही बिल थोडे हलके झाले. दुकानदार दोन्ही बॅटऱ्या टेस्टर लावून दाखवतो. ट्रॅक्टरवाला मात्र तेवढ्यावर थांबत नाही. फळीमागचा हायड्रोमीटर काढायला लावतो आणि सहाही सेलांची घनता एकेक करून वाचून घेतो.